बिनविरोध सुवर्णपदक

आदिनाथ वाकचौरे त्या वर्षी आपल्या मुलीला मारणारी मुलगी शोधत होते.

मुलीसाठी स्थळ शोधणारे बाप संगमनेरात पुष्कळ सापडतील. त्यांच्यासाठी मेळावे भरतात, मध्यस्थ असतात, आणि ओळख ना पाळख अशी माणसंही एसटीत बाजूला बसून सल्ला देतात. पण 'माझ्या पोरीच्या नाकावर नेमका ठोसा ठेवील अशी एखादी पोर तुमच्या पाहण्यात आहे का?' असं विचारणाऱ्या बापाला कोण काय सांगणार? लोक आधी हसत, मग काळजीनं बघत, आणि आदिनाथरावांची पाठ वळली की आपसात हळू आवाजात बोलत.

त्यात आदिनाथराव म्हणजे भांडणाची हवासुद्धा न सोसणारा माणूस. दूध संघाच्या कचेरीत त्यांनी उभं आयुष्य काढलं, पण कुणाशी आवाज चढवला नाही. रस्त्यात दोघांची जुंपलेली दिसली की ते गल्ली बदलत. गल्ली बदलण्यासारखी नसली तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकत, आणि भांडण मिटेपर्यंत वर येत नसत. अशा माणसाची एकुलती एक लेक दिशा बॉक्सिंग खेळू लागली. निसर्ग कधीकधी अशी थट्टा करतो.

बरं, खेळू लागली ती लागली आणि जिल्ह्यात सुवर्णपदकही घेऊन आली. एकदा नव्हे, लागोपाठ दोन वर्षं. मालदाड रोडच्या कोपऱ्यावर तिचा मोठा फ्लेक्स लागला. त्यात दिशा बोटाएवढी आणि शुभेच्छुक पुरुषभर उंचीचे होते. आदिनाथराव दूध संघात पेढे वाटून आले.

फ्लेक्सवर नव्हतं ते एवढंच, की अठ्ठेचाळीस किलो वजनी गटात जिल्ह्यातून अर्ज एकच आला होता. दिशाचा. ती लाल ग्लोव्हज घालून, डोक्याला हेडगार्ड बांधून, दात सांभाळायचं रबर तोंडात धरून रिंगमध्ये चढली. समोरचा निळा कोपरा मोकळा. पंचांनी इकडेतिकडे पाहिलं, तिचा हात धरून वर केला, आणि झाली दिशा चॅम्पियन. हेडगार्ड बांधायला जेवढा वेळ लागला तेवढाही लढाईला लागला नाही.

मग ती विभागीय स्पर्धेला पुण्याला गेली. तिथे समोरच्या कोपऱ्यात खरीखुरी मुलगी होती. तिचा पहिला ठोसा बसला तशी दिशा तिच्याकडे बघतच राहिली. दुखलं म्हणून नव्हे, नवल वाटलं म्हणून. नवल ओसरायच्या आत पंचांनी लढत थांबवली.

परतीच्या एसटीत दिशा खिडकीकडे तोंड करून बसली. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला. आदिनाथरावांनी दोनदा वडापाव विचारला. घारगावच्या पुढे ती वळली आणि म्हणाली, "पप्पा, मला मारणारं कुणीतरी पाहिजे."

"अगं, काय बोलतेस?"

"खरंच सांगते. कल्याणसर मुलांबरोबर खेळवतात, पण मुलं एक तर हात राखून मारतात, नाहीतर मुलीकडून हरू म्हणून खेळतच नाहीत. पोत्याला मारून मारून मला फक्त पोतं हरवता येतं. मला मुलगी हवी. माझ्याच वजनाची."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच आदिनाथरावांना सहन झालं नाही. ते म्हणाले, "शोधू." आणि ते शोधू लागले.

सल्ले आले. दूध संघातल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, न लढता सुवर्ण मिळतंय, तर सुखाचा जीव दुःखात का घालता? शेजारचे श्रीमंतसर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "वाकचौरे, आधी या खेळाचा इतिहास समजून घ्या," आणि त्यांनी तो फाटकाशी उभं राहून समजावला. चहा दोनदा उकळून आटला. कुणी म्हणालं, तलवारबाजीत घाला, तिथं तर पंचही नसतात. पत्नी सत्यशीलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घरात मी आहे की. वजन तेवढं जुळत नाही."

शोधाला सुरुवात करायची म्हणून आदिनाथराव एका गावच्या मुलींच्या वसतिगृहावर गेले आणि फाटकावरच्या माणसाला सरळ मनानं विचारलं, "तुमच्याकडे अठ्ठेचाळीस किलोच्या मुली किती आहेत?"

त्यांना ताबडतोब अधीक्षिकाबाईंच्या खोलीत नेऊन बसवण्यात आलं. दाराशी दोन शिपाई उभे राहिले. आदिनाथरावांनी घाम पुसत सगळं सांगितलं, पण जितकं सांगावं तितकं ते जास्त वाईट ऐकू येऊ लागलं. शेवटी बाईंनी सत्यशीलाबाईंना फोन लावून विचारलं, "आदिनाथ वाकचौरे आपले कोण?"

पलीकडून उत्तर आलं, "काय केलंय ते आधी सांगा, मग ठरवते."

त्या दिवसापासून आदिनाथरावांनी वजन विचारण्याआधी आपलं ओळखपत्र दाखवायची सवय लावून घेतली. त्यानं संशय वाढतो, हे त्यांना फार उशिरा कळलं.

शेवटी कल्याणसरांनाच कुठूनतरी कळलं, की राजूरला एक मुलगी आहे. आदिनाथराव बाजाराच्या दिवशी स्कूटरवरून अकोले गावामार्गे राजूरला पोहोचले. विचारत विचारत ते सुक्या मासळीच्या ओळीत नियाजभाईंच्या पालापाशी आले. बोंबील, सुकट आणि जवळ्याचे ढीग समोर मांडून नियाजभाई तराजू धरून बसले होते. आदिनाथराव शाकाहारी. नाकाला रुमाल लावावा तर अपमान दिसेल, म्हणून श्वास धरून ते म्हणाले, "आपल्या मुलीबद्दल बोलायचं होतं."

नियाजभाईंनी तराजू खाली ठेवला. "काय बोलायचं?"

"तिचं वजन किती असेल?"

शेजारच्या पालातला भाजीवाला उठून उभा राहिला. आदिनाथरावांनी घाईघाईनं ओळखपत्र काढलं. ते नियाजभाईंनी उलटसुलट पाहिलं, त्याला बोंबलाचा वास लागला, आणि मग सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजी माझ्या पोरीनं तुमच्या पोरीला मारायचं?"

"हो."

"आन् हे सांगायला तुमी संगमनेरहून आले?"

"हो."

"घरी समदं बरं हाय ना तुमच्या?"

एवढ्यात मागून, जवळ्याच्या पोत्याला टेकून बसलेल्या मुलीनं विचारलं, "कोनता गट, काका?"

"अठ्ठेचाळीस."

"माझं सत्तेचाळीस भरतं. रविवारी येऊ?"

ही आलिया. नाशिकला मामाकडे राहून ती बॉक्सिंग शिकली होती. परत आल्यावर तिनं पोत्यात वाळू भरून ते घरामागच्या आंब्याला टांगलं आणि त्याला बडवत बसली. जिल्ह्याच्या स्पर्धेला ती कधीच गेली नव्हती. नियाजभाई म्हणाले, "नगर इथनं लई लांब हाय. जायाचं म्हंजी दोन बाजार बुडत्यात. आन् नेऊन करू काय? फारम भरायचा तर त्याच्यावं शाळेचा शिक्का, शाळा म्हनती असला खेळ आमच्याकडं न्हाई." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "पन तुमी न्यायला आले, तर न्हाई कसं म्हनू?"

रविवारी कल्याणसरांच्या मैदानात दोघी समोरासमोर आल्या. रिंग नव्हती, चार बांबू आणि दोरी होती. सरांनी शिट्टी मारली, आणि आदिनाथरावांना नीट काही दिसायच्या आत आलियाची उजवी मूठ दिशाच्या नाकावर बसून परतसुद्धा गेली होती. दिशाच्या वरच्या ओठावर रक्ताची धार आली.

आदिनाथराव होते तिथेच मातीत बसले. नियाजभाईंनी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"तुमीच बोलावलं ना आमाला?"

"हो. मीच."

"मग प्या पानी."

दिशा हसत होती. नाकातून रक्त, दातांना रक्त, आणि तोंडभर हसू. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसवलं तेव्हा ती अशी हसली होती. मग तिनं डावीकडून असा एक ठोसा काढला, की आलियाचा डोळा मिटला. त्याबरोबर नियाजभाई एकदम आदिनाथरावांच्या बाजूला येऊन, मैदानाकडे पाठ करून बसले. "आता झालं का बघा," ते म्हणाले. "तुमी बघा," आदिनाथराव म्हणाले. दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

असे रविवार चालू झाले. दोघी एकमेकींना बडवत, मग दोरीला टेकून एकाच बाटलीतलं पाणी पीत. दोन्ही बाप मैदानाकडे पाठ करून सुकटीच्या आणि दुधाच्या भावावर बोलत. घरी दिशाच्या तोंडी एकच विषय. "आई, तिची उजवी दिसतच नाही गं! कशी येते तेच कळत नाही!" दुसऱ्या घरांतल्या मुली ज्या सुरात नटांबद्दल बोलत, त्या सुरात ही ठोशांबद्दल बोले. बहुतेक रविवारी आलियाच सरस ठरे. पण तिसऱ्या फेरीपर्यंत दिशा टिकू लागली होती. आलियाचा अर्जही कल्याणसरांनी आपल्या शिक्क्यावर भरून टाकला होता. "जिल्ह्याला फायनल आमचीच," ती म्हणे. "बघा तुम्ही, तिला रडवते का नाही."

इथवर सगळं छान चाललं होतं. छान चाललेलं चारचौघांत सांगू नये, एवढं शहाणपण मात्र आदिनाथरावांना नव्हतं. त्यांनी श्रीमंतसरांना फाटकाशी गाठून सांगितलं, की यंदा अठ्ठेचाळीस किलोत खरी फायनल होणार. श्रीमंतसरांना इतिहास जसा पोटात राहत नसे, तसं वर्तमानही राहत नसे. त्यांनी ते कानिफनाथरावांच्या कानावर घातलं.

कानिफनाथराव जिल्ह्याच्या बॉक्सिंग मंडळाचे अध्यक्ष. शिवाय एका सोसायटीचे, एका शिक्षण संस्थेचे आणि एका पाणीपुरवठा योजनेचे. त्यांनी स्वतः कधी कुणाला ठोसा मारल्याचं ऐकिवात नव्हतं. तशी वेळच त्यांनी कुणावर येऊ दिली नव्हती. ते एका संध्याकाळी पांढऱ्या गाडीतून थेट वाकचौऱ्यांच्या घरी आले. कॉलनी गॅलरीत उभी राहिली. आदिनाथरावांनी घरातली एकुलती एक चांगली खुर्ची पुढे केली. दिशा क्लासला गेली होती.

"वाकचौरे," चहाचा घोट घेऊन कानिफनाथराव म्हणाले, "आमच्या सोसायटीत आजपातुर एकबी निवडनूक झालेली न्हाई. समदं बिनविरोध. का? तर आपलीच मानसं आपसात लढली की घर फुटतं. पटतं का?"

"पटतं."

"मग आठ्ठेचाळीसमधी दोन पोरी कशापायी? एक जिंकनार, एक हरनार. एक सुवर्ण, एक रौप्य. आन् तिकडं पन्नास किलोत कुनीच न्हाई, ते पदक वाया! हे कुनी केलं गनित?" ते हसले. "त्या राजूरच्या पोरीला पन्नासमधी घ्या. चार केळी जास्त खाल्ली की भरतं वजन. दोन गट, दोन सुवर्ण. कुनाचं वाईट झालं सांगा?"

आदिनाथरावांनी तोंड उघडलं. 'अहो, पण तिला लढायचंय' हे शब्द जिभेवर आले होते. त्याच वेळी त्यांना दिशाच्या नाकातली रक्ताची धार आठवली. आणि त्याच्या मागोमाग एक लहानसा, लाजिरवाणा विचार आला: लढत झाली तर दिशा हरेल. बहुतेक हरेलच. दूध संघात विचारतील, यंदा पेढे नाहीत का? या विचाराकडे त्यांनी सरळ पाहिलं नाही. ते खाली वाकले आणि कानिफनाथरावांची रिकामी कपबशी उचलू लागले.

"बघा," ते म्हणाले, "आपल्याला योग्य वाटेल तसं."

आत सत्यशीलाबाई पातेलं घासत होत्या, तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

नियाजभाईंना फोन आदिनाथरावांनीच केला. "तिलाही सुवर्णच मिळेल," ते दोनदा म्हणाले.

"दिशाबेटीला इचारलं का?"

"नाही... वरूनच ठरलंय तसं."

"वरून म्हंजी कुनी? अल्लानं, का तुमी?"

आदिनाथरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. नियाजभाई म्हणाले, "बरं. आमी येतो म्हनलंय, तर येनार. शब्द दिलाय." आणि फोन ठेवला.

दिशाला सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही. आदिनाथरावांनी ते रोज सकाळी संध्याकाळवर ढकललं आणि संध्याकाळी सकाळवर. मधे रविवार आला नाही, म्हणून आलियाकडूनही तिला कळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सगळे नगरला पोहोचले. सभागृहाच्या दारावरच्या जुन्या बॅनरवर जिल्ह्याच्या नव्या नावाची पट्टी चिकटवली होती. ती इतकी मोठी होती की 'महिला' हा शब्द तिच्याखाली गेला होता. वजनकाट्याजवळ मुली रांगेत उभ्या होत्या. आदिनाथरावांच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत केळी. चांगली पिवळीधमक, निवडून घेतलेली. आलियानं एकेक करून ती खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायली, आणि काट्यावर चढली. कारकून ओरडला, "पन्नास किलो गट!"

मागे उभ्या दिशाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सर, अठ्ठेचाळीस! आलिया, सांग ना!"

आलिया काट्यावरून उतरली. "तुला ठाऊक न्हाई?" तिनं विचारलं. "तुझ्या पप्पांनीच अब्बांना फोन केल्ता."

दिशानं वळून आदिनाथरावांकडे पाहिलं. मग पिशवीतल्या केळ्यांच्या सालींकडे. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिनं फक्त त्यांच्या खांद्यावरची आपली ग्लोव्हजची पिशवी काढून घेतली.

उद्घाटन झालं. प्रमुख वक्ते म्हणून श्रीमंतसर उभे राहिले. तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या बायका भर गर्दीत ठोसे लढवत होत्या, इथून त्यांनी सुरुवात केली. एकोणीसशे चारच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं बॉक्सिंग नुसतं दाखवण्यापुरतं झालं, आणि मग दार बंद. बाईच्या शरीराला झेपत नाही म्हणून देशोदेशी बंदी. पहिली जागतिक स्पर्धा थेट दोन हजार एकमध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये खरा प्रवेश दोन हजार बाराला! सर गहिवरले. "शंभर वर्षं!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "शंभर वर्षं या लेकींना लढू दिलं नाही! कुणी? परक्यांनी नव्हे, ज्यांनी त्यांचं भलं चिंतलं, त्यांनीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात कानिफनाथरावांनी वाजवल्या. आदिनाथरावांनीही वाजवल्या, न वाजवून कसं दिसलं असतं?

"अठ्ठेचाळीस किलो वजनी गट, दिशा वाकचौरे!"

दिशा रिंगमध्ये चढली. निळा कोपरा मोकळा. पंच एक ठेंगण्या, प्रेमळ बाई होत्या. त्यांनी दिशाचं मनगट धरलं आणि वर उचललं. हात वर गेला नाही. बाईंनी हसून पुन्हा उचलला. हात जागचा हलला नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढला. दिशा पाय रोवून, मूठ मांडीशी घट्ट धरून उभी होती. गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, नजर समोरच्या मोकळ्या कोपऱ्यावर होती. लोक हसू लागले. कुणीतरी शिट्टी मारली. बाईंचा चष्मा नाकावरून घसरला, त्या घामाघूम झाल्या, आणि शेवटी धापा टाकत त्यांनी स्वतःचाच हात वर करून निकाल जाहीर केला.

दिशा दोरीखालून उतरली आणि सरळ दाराबाहेर गेली. पाठोपाठ पन्नास किलोसाठी आलियाचं नाव पुकारलं, तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. त्या गटात एकच स्पर्धक होती आणि तीही गैरहजर म्हणून बाद झाली. कानिफनाथरावांचा चेहरा पडला. उभ्या आयुष्यात बिनविरोध जागा रिकामी राहिल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं असावं.

पण कार्यक्रम थांबत नसतो. पदकवाटपाला पाहुणे उभे राहिले, छायाचित्रकार सज्ज झाला, आणि दिशाचा पत्ता नव्हता. कानिफनाथरावांनी माईक हातात घेतला. "काय हरकत न्हाई! लेकीच्या यशामागं बाप असतो! या, वाकचौरे, या वर!"

आदिनाथरावांनी नको नको म्हणून हात हलवले. ते हात लोकांना नमस्कारासारखे वाटले. टाळ्या सुरू झाल्या. दोघांनी धरून त्यांना पुढे नेलं. त्यांना बुटाच्या नाडीशी वाकायचं होतं, पण आज पायात चपला होत्या. ते एक नंबरच्या पायरीवर चढले. दोन नंबरची पायरी मोकळी होती, तीन नंबरची मोकळी होती. गळ्यात पदक पडलं. "हसा," छायाचित्रकार म्हणाला, आणि सवयीनं ते हसले.

वरून त्यांना दाराबाहेरचा रस्ता दिसत होता. नियाजभाई टेम्पो सुरू करत होते. मागच्या फळीवर दोघी मुली पाय सोडून बसल्या होत्या. टेम्पो वळला आणि दिसेनासा झाला.

ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. खाली छापलं होतं: अठ्ठेचाळीस किलो महिला गटातील सुवर्णपदक स्वीकारताना आदिनाथ वाकचौरे. दूध संघात पेढे मागितले गेले, आणि त्यांना आणावे लागले.

दिशा घरात बोलते. मीठ दे, दार लाव, एवढं बोलते. विभागीय स्पर्धेला ती गेली नाही. कल्याणसरांकडेही जात नाही. रविवारी पहाटेची राजूरची गाडी धरून ती जाते आणि दिवेलागणीला परत येते. आदिनाथरावांनी एकदा स्कूटर बाहेर काढली होती. तिनं नुसतं पाहिलं, तशी त्यांनी ती परत आत लावली.

परवा ती आली तेव्हा खालचा ओठ सुजून टरारला होता आणि एक डोळा निम्मा मिटला होता. सुकटीचा वास घरभर पसरला. चालताना ती लंगडत होती, आणि गुणगुणत होती. आदिनाथराव पेपर बाजूला ठेवून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

दिशानं फ्रिजमधून बर्फ घेतला, रुमालात गुंडाळला, ओठाला लावला, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "तुला सांगितलं असेल तिनं," ते सत्यशीलाबाईंना म्हणाले. "कोण जिंकलं?"

सत्यशीलाबाईंना माहीत होतं. चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्या पोळी उलटत किंचित हसल्या, पण सांगितलं त्यांनीही नाही.